मयूरवचं कार्ड

१

‘म’चा कप्पा उघडा होता आणि मयूरव नाहीसा झाला होता.

माणूस नव्हे, कार्ड. तळहाताएवढा पिवळट पुठ्ठा, त्यावर एक नाव आणि खाली त्याचा अर्थ. पण त्या सकाळी नावकोशाच्या कचेरीत जो गहजब चालला होता, तो जिन्यातून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की आत कुणीतरी गेलं.

गहजब एकटे संपादकसाहेब करत होते. बाकीचे नुसते उभे होते, कारण साहेब बोलायला लागले की दुसऱ्याला उभं राहण्यापलीकडे काम उरत नसे. त्यांचं बोलणं म्हणजे मूळ पद दोन ओळींचं आणि आलाप तासाभराचा. त्यातून स्वतःला ते ‘मी’ म्हणत नसत, ‘प्रस्तुत लेखक’ म्हणत. प्रस्तुत लेखकाला चहात साखर चालत नाही, असंसुद्धा ते गंभीर चेहऱ्याने सांगत, आणि ऐकणाऱ्याने हसू गिळायचं हा कचेरीचा शिरस्ता होता.

ही कचेरी एकाच पुस्तकावर जगत होती. मुलामुलींच्या नावांचा कोश. घरात बाळ आलं की लोक हा जाडजूड कोश विकत घेत, मांडीवर उघडत आणि बोट ठेवत. तो रचला थोरल्या मालकांनी. वीस वर्षं त्यांनी नावं गोळा केली, प्रत्येक नाव स्वतःच्या हाताने एकेका कार्डावर लिहिलं आणि लाकडी कपाटाच्या छोट्या छोट्या कप्प्यांत अक्षरवार लावलं. ते जाऊन आता एकतीस वर्षं झाली होती. कपाट ज्या खोलीत होतं तिथे त्यांच्याच हस्ताक्षरातली पाटी अजून टांगलेली होती: ‘शांतता राखा’. ती लांबून ‘शांतता रारवा’ अशी वाचली जाई, म्हणून त्या खोलीचं नावच ‘रारवा’ पडलं होतं. “काका रारवात आहेत,” असं लोक म्हणत, आणि नव्या माणसाला वाटे हे एखादं गाव असावं.

हे काका म्हणजे खिळेकाका. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळातले जुळारी. खिळे गेले, संगणक आले, तेव्हा त्यांना कपाटाची किल्ली देऊन रारवात बसवलं. तळघरात एक हातयंत्र आणि खिळ्यांच्या दोन पेट्या तेवढ्या ठेवल्या होत्या. लेबलं, शुद्धिपत्रांच्या चिठ्ठ्या असलं किरकोळ काम काका अजून त्यावरच करत.

दुसऱ्या दिवशी कोशाची अकरावी आवृत्ती निघायची होती, आणि तिच्यासोबत संपादकसाहेबांची पुस्तिका: ‘मयूरव : अर्थ, इतिहास आणि लोकप्रियता’. सात वर्षं हे नाव मुलांच्या यादीत पहिलं होतं. एकेका वर्गात चार चार मयूरव. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर थोरल्या मालकांच्या मूळ कार्डाचा फोटो हवा, असं मालकांनी आदल्या संध्याकाळी जाहीर केलं होतं. फोटोवाला चार वाजता यायचा होता.

आणि कार्ड नव्हतं.

साहेबांनी बोट थेट काकांकडे रोखलं. किल्ली कुणाकडे? काकांकडे. प्रस्तुत लेखकाचा उत्कर्ष कुणाला बघवत नाही? ते सगळ्यांना ठाऊक आहे. काकांना विचारलं तर ते म्हणाले, किल्ली हाती आल्यापासून मी ते कार्ड कधी बघितलंच नाही. इतकी वर्षं कपाट सांभाळणाऱ्या माणसाने असं म्हणावं, म्हणजे संशयाला आयतंच कोलीत मिळालं.

मालकांनी कपाळ पुसलं. चारपर्यंत कार्ड मिळालं नाही तर काकांना घरी बसवायचं आणि चौकीत तक्रार द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवताना ते काकांकडे बघत नव्हते.

“तक्रारीचा कागद माझ्याकडे दे,” दारातून आवाज आला. “आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढते. मग बघू चोर कोण ते.”

२

दारात बाई होत्या. पस्तीस वर्षं चौथीच्या वह्या तपासून निवृत्त झालेल्या आणि आता आठवड्यातून तीन दिवस इथे शेवटचं प्रूफ वाचणाऱ्या. मालक त्यांच्याच हाताखालून गेलेले. त्यामुळे सगळी कचेरी मालकांना ‘अहो मालक’ म्हणे, बाई ‘अरे’ म्हणत, आणि ‘अरे’ ऐकलं की मालक नकळत ताठ उभे राहत.

चार वाजेपर्यंत मला विचारपूस करू दे, एवढंच बाईंनी मागितलं. मालक हो म्हणाले. नाही म्हणण्याची त्यांना चौथीपासून सवय नव्हती.

पहिल्यांदा संपादकसाहेब. त्यांच्या खोलीत भिंतभर मानपत्रं होती, आणि मानपत्रांतला मजकूर त्यांनीच लिहून दिलेला होता हे बाईंना पक्कं माहीत होतं, कारण प्रूफं त्यांनीच वाचली होती.

साहेबांनी मयूरवचा अर्थ सांगायला घेतला. कोशात अर्थ दिलाय ‘किरण, प्रकाशाची रेघ’. सामान्य वाचकाला प्रश्न पडतो, मयूर म्हणजे मोर आणि रव म्हणजे आवाज, मग किरण कुठून आला? इथेच प्रस्तुत लेखकाचं संशोधन. मोर ओरडतो. ओरडल्याने ढग हलतात. ढग हलले की फटीतून किरण पडतो. म्हणून मयूरव म्हणजे किरण. दोन ‘र’ होते, त्यातला एक काळाच्या ओघात गळला. या नावाचा एक राजाही होऊन गेला. त्याने तळं बांधलं.

“कुठे?” बाईंनी विचारलं.

तळं आता राहिलेलं नाही, असं साहेब म्हणाले.

बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. चौथीतली मुलं गृहपाठ न करता येत तेव्हा याहून बऱ्या कथा रचत असत. त्यांनी एवढंच विचारलं, की कार्ड शेवटचं कधी पाहिलं.

काल दुपारी बाराला, साहेब ठामपणे म्हणाले. काका जेवायला गेले होते, किल्ली खुंटीला होती. कप्पा उघडला. ‘मयूरध्वज’ आणि ‘मयूरेश’ यांच्या मधोमध, जिथे असायला हवं तिथेच, कार्ड होतं. ते काढून खिडकीशी नेलं, उजेडात नीट वाचलं, परत ठेवलं. निळी शाई. नावाखाली अर्थ, अर्थाखाली एका प्राचीन ग्रंथाचा हवाला, कोपऱ्यात थोरल्या मालकांची सही.

“कोणत्या ग्रंथाचा?”

“ते पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात येईल,” साहेब म्हणाले.

बाई उठल्या. दाराशी येऊन त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की कोशाची पहिली आवृत्ती साहेबांकडे असेलच ना. साहेबांनी हात उडवला. जुन्या आवृत्त्या प्रस्तुत लेखक ठेवत नाही. ज्ञान नेहमी पुढे जातं.

पहिली आवृत्ती साऱ्या कचेरीत एकाच टेबलावर होती. आणि ते टेबल ज्यांचं होतं, त्यांचं आणि साहेबांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

३

टेबल आकडेताईंचं. शाळांच्या पटांवरून दर वर्षी कोणतं नाव किती मुलांना ठेवलं गेलं याची यादी त्या करत. साहेब या कामाला ‘मोजदाद’ म्हणत, तोंडात खडा आल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी याच मयूरववरून खटका उडाला होता.

ताईंनी ते सगळं सांगितलं, मधूनमधून पेन्सिल टेबलावर आपटत. त्यांच्याकडे पन्नास वर्षांचे पट आहेत. कोशाची पहिली आवृत्ती निघण्याआधीच्या एकाही पटावर मयूरव नाही. कुठेच नाही. कोश निघाला, पुढच्या वर्षी दोन मयूरव जन्मले. मग सात, मग एकवीस, आणि मग पूर. हे साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, आधीचे पट अपुरे असतील.

“राजाचं नाव म्हणे हे,” आकडेताई म्हणाल्या. “मग त्या राजाच्या राज्यात कुणालाच पोरं झाली नाहीत की काय, बाई? नुसतं तळंच बांधत बसले सगळे?”

बाई हसल्या. पहिल्या आवृत्तीची पानं उलटत होत्या. ‘म’च्या पानावर येऊन त्यांचं बोट थांबलं. पस्तीस वर्षांची सवय. चुकलेली ओळ त्यांना वाचावी लागत नसे, ती खुपत असे. पानावर नावं अशी होती: मयूरव, मयूर, मयूरध्वज, मयूरेश. मयूरव मयूरच्या आधी. अक्षरक्रमाने पाहिलं तर तो मयूरध्वजच्या खाली हवा.

त्यांनी अकरावी आवृत्ती शेजारी उघडली. तिथे तो मुकाट खाली, आपल्या जागी गेला होता.

बाईंनी पहिल्या आवृत्तीचं शेवटचं पान पाहिलं, तिथली बारीक अक्षरातली एक ओळ वहीत उतरवून घेतली आणि वही मिटली.

तेवढ्यात मेहुणे आले. मेहुणे म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ, विक्री बघणारे. या गृहस्थांना जगातली प्रत्येक घटना जाहिरात वाटे. चोरी झाल्याचा त्यांना आनंद लपवता येत नव्हता. मयूरवची चोरी, असा मथळा वर्तमानपत्रात आला तर आवृत्ती आठवड्यात संपेल, असं ते आकडेताईंना सांगत होते. वर बाईंना म्हणाले, तुम्ही उगीच शोधून काढू नका, निदान रविवारपर्यंत तरी.

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. या बघण्यापुढे भली भली कार्टी कबूल होत. मेहुणेही झाले.

कार्ड त्यांनी घेतलं नव्हतं. पण घ्यायला गेले होते. काल, काका जेवायला गेले तेव्हा, जाहिरातीसाठी फोनवर फोटो काढावा म्हणून रारवात शिरले होते. बारा ते पाऊणपर्यंत तिथेच होते, कारण कार्ड सापडत नव्हतं. मयूरध्वज मिळाला, मयूरेश मिळाला, मधे काही नाही. मग नाद सोडला. न विचारता किल्ली घेतली होती म्हणून गप्प बसले.

“आणि संपादकसाहेब आले होते का तेवढ्या वेळात?”

कुणीच आलं नव्हतं, मेहुणे म्हणाले. आले असते तर बरंच झालं असतं, शोधायला मदत झाली असती.

म्हणजे ज्या घटकेला साहेब कार्ड खिडकीशी नेऊन वाचत होते, त्याच घटकेला मेहुणे त्याच खोलीत घाम पुसत होते. दोघांतला एक खोटं बोलत होता. आणि मेहुण्यांना खोटं बोलायला लागणारी कल्पकता देवाने दिलेली नव्हती.

४

रारवात काका एकटे बसले होते, किल्ली समोर टेबलावर ठेवून. आपण होऊन ठेवली होती, कुणी मागायच्या आत.

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. चाळीस वर्षं या इमारतीत गेली. संध्याकाळी घरी जाऊन मुलीला काय सांगायचं, एवढंच काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. मुलगी जवळच राहते. तिच्या पोराला शाळेतून तेच आणतात. “फाटकाशी उभं राहतो आणि हाक मारतो. चौकीत नाव गेलेल्या आजोबाने कोणत्या तोंडाने मारायची हाक?”

“कप्पा दाखवा,” बाई म्हणाल्या.

कप्प्यात कार्डं उभी, एकामागे एक. प्रत्येक कार्डाला खाली भोक, आणि सगळ्या भोकांतून आरपार गेलेली एक लोखंडी सळई. थोरल्या मालकांची युक्ती. सळई पुढच्या टोकाला मळसूत्राने घट्ट बसवलेली. कार्ड चाळता येतं, वाचता येतं, पण सळई काढल्याशिवाय बाहेर येत नाही. बाईंनी मळसूत्रावर नख फिरवलं. आठ वर्षांपूर्वी कपाटाला हिरवा रंग दिला होता, तो टोकावरून ओघळून वाळला होता. अखंड. एक चीरसुद्धा नव्हती.

“फाडून घेतलं असेल तर?” काकांनी स्वतःविरुद्धच शंका काढली. असा हा माणूस.

फाडलं तर सळईला कपटा राहतो. कपटा नव्हता. बाईंनी कार्डांच्या डोक्यांकडे पाहिलं. प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात थोरल्या मालकांनी शिक्क्याने आकडा मारला होता. त्या मागून पुढे वाचू लागल्या. मयूरेश, ४१४. मयूरध्वज, ४१३. मयूर, ४१२.

मधे फट नव्हतीच. आकडा सुटलेला नव्हता. ज्या कार्डाची चोरी म्हणून माणूस चौकीत जाणार होता, त्या कार्डाला त्या जागी कधी घरच नव्हतं.

बाईंनी आणखी एक कार्ड उलटलं. ४११.

काका वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उजळला.

“बाई, हे काय, इथेच आहे की मयूरव. ‘किरण, प्रकाशाची रेघ’. मूर्ख आम्ही सगळे, दोन घरं आधी बघायला हवं होतं.”

बाईंचा चेहरा मात्र उजळला नाही. त्या कार्डाकडे बघत होत्या, मग भिंतीवरच्या पाटीकडे, मग पुन्हा कार्डाकडे.

“काका,” त्या हळूच म्हणाल्या, “ती पाटी वाचा.”

“शांतता रारवा,” काका सवयीने म्हणाले. आणि थांबले.

५

थोरल्या मालकांचा ‘ख’ जुन्या वळणाचा. आधी ‘र’, मग थोडी फट, मग ‘व’. कार्डावर लिहिलेलं होतं ते ‘मयूख’. मयूख म्हणजे किरण. जुना, सरळ, चांगल्या घरचा शब्द. म्हणूनच तो ‘मयूर’च्या आधी लावलेला, कारण ‘ख’ ‘र’च्या आधी येतो. आणि म्हणूनच पहिल्या आवृत्तीत मयूरव वर छापला गेला: जुळाऱ्याने कार्डं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने जुळवली, फक्त एक अक्षर दोन म्हणून वाचलं.

जुळारी कोण, हे सांगायची गरज नव्हती. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि त्या हातांकडे बघत होते.

“पोराचं नाव मुलीने त्याच पानावरून काढलं,” ते म्हणाले. “बाबांनी जुळवलेलं पान आहे, म्हणून.”

बाईंनी मनात हिशेब मांडला. हे कार्ड वर नेलं तर चोरीचा डाग धुतला जाईल. पण त्याच पाण्याने एकतीस वर्षांपूर्वीची चूक उघडी पडेल, आणि हजारो घरांतून जे नाव लाडाने हाकारलं जातं, ते छापखान्यातला घोटाळा ठरेल. त्यात काकांचं घरही आलं. न नेलं तर काका चोर. त्यांनी हे सगळं काकांना जसंच्या तसं सांगितलं, काही न लपवता, आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

काकांनी चष्मा पुसला. “चूक माझी आहे बाई, चोरी माझी नाही. चुकला म्हणवून घेईन.” मग जरा हसल्यासारखं केलं. “नातवाला काय सांगू पण? तुझं नाव म्हणजे आजोबांच्या चष्म्याचा नंबर?”

“फाटकाशी हाक मारता तेव्हा येतो ना धावत?”

“येतो. दप्तर टाकून येतो.”

“मग नाव खरं आहे. अर्थ पुस्तकात असतो, नाव हाकेत असतं. या वरच्या मंडळींना ते कळायचं नाही, त्यांनी आयुष्यात हाक मारली ती फक्त चहाला.”

जिन्यावर पावलं वाजली. फोटोवाला चार वाजायच्या आधीच आला होता.

६

सगळे रारवातच जमले. मालकांच्या हातात तक्रारीचा कागद होता.

बाईंनी कप्पा पुढे ओढला आणि ४११ उलटून धरलं.

संपादकसाहेबांनी डोकावलं मात्र, त्यांच्या अंगात वारं शिरलं. हेच ते. हेच कार्ड. चोराने भीतीने परत आणून ठेवलं. प्रस्तुत लेखकाने आवाज उठवला नसता तर ते कायमचं गेलं असतं. फोटोवाल्याने घाईघाईने कॅमेरा काढला.

“थांब रे,” बाई म्हणाल्या. “साहेब, नीट बघा. काल हातात घेतलंत ते हेच?”

“हेच.”

“खिडकीशी नेऊन वाचलंत?”

“शब्दन् शब्द.”

“मग आता एकदा सळई काढून पुन्हा खिडकीशी न्या.”

साहेबांनी मळसूत्र धरलं. फिरवलं. दात आवळून फिरवलं. मालक पुढे वाकले आणि त्यांना वाळलेला हिरवा रंग दिसला, आठ वर्षांपूर्वीचा, अखंड. साहेबांच्या बोटांना फक्त धूळ लागली.

मग बाईंनी एकेक ओळ वहीतून वाचून दाखवली. निळी शाई; कार्ड काळ्या शाईत. ग्रंथाचा हवाला; कार्डावर नाव आणि अर्थ, बाकी कोरं. सही; कोपऱ्यात नुसता आकडा. मयूरध्वज आणि मयूरेशच्या मधोमध; कार्ड मयूरच्याही आधी. बारा वाजता; बारा वाजता तर मेहुणे इथे होते. मेहुण्यांनी मान डोलवली, आपल्यामुळे कुणीतरी खरं ठरतंय या नवलाईने.

“यांनी हा कप्पा कधी उघडलाच नव्हता,” बाई मालकांना म्हणाल्या. “कार्ड न बघता अख्खी पुस्तिका लिहिली. तू काल फोटो मागितलास, तेव्हा आज सकाळी पहिल्यांदा उघडला. ‘मयूरव’ जिथे असायला हवा तिथे बघितलं, नव्हता. बघितलंच नाही, असं कबूल करायचं तर पुस्तिका गेली. म्हणून बघितलं होतं म्हणाले, आणि चोरीला गेलं म्हणाले. आणि चोर म्हणून समोर जो सगळ्यांत गरीब दिसला त्याच्याकडे बोट केलं.”

साहेब म्हणाले, प्रस्तुत लेखकाच्या स्मृतीचा थोडा गोंधळ झाला असणं शक्य आहे. पण मयूरव तर आहेच ना कार्डावर. सिद्धांत अबाधित आहे.

तेव्हा बाईंनी त्यांना भिंतीवरची पाटी वाचायला लावली.

खोलीत खरोखरच शांतता राखली गेली. आकडेताईंनी तोंडावर हात धरला. हसू होतं ते. मोर, ढग, राजा, तळं, सगळं त्या ‘र’ आणि ‘व’मधल्या फटीतून घरंगळून गेलं.

साहेब आधी सावरले. मग दोष जुळाऱ्याचाच आहे, ते म्हणाले, आणि पुन्हा काकांकडे वळले.

“हो, माझाच,” काका म्हणाले. “मी रव वाचलं. र घेतला, व घेतला. दोन खिळे.”

“काकांनी एक अक्षर चुकवलं,” बाई म्हणाल्या. “थोरले मालक तेव्हा अंथरुणाला खिळले होते. प्रूफ दुसऱ्या कुणीतरी वाचलं. पहिल्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात त्या माणसाचं नाव आहे. मूळ कार्डाशी ताडून पाहणं एवढंच त्याचं काम होतं. त्याने पाहिलं नाही. पुढच्या एका आवृत्तीत क्रम चुकलाय हे त्याच्या लक्षात आलं, तर नाव तपासायचं सोडून नावाची जागा बदलली. आणि मयूखसारखं नाव अख्ख्या कोशात अकरा आवृत्त्या नाही, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. तुम्हीच ते, साहेब. तेव्हा उपसंपादक होतात.”

मालकांनी तक्रारीचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

७

एवढ्यावर साहेबांची गठडी वळली असती तर बरं झालं असतं. पण मालकांना स्वच्छ निर्णयाची सवय नव्हती. पुस्तिकेची आतली पानं छापून झाली होती, पाहुणे बोलावले होते. काकांना ते म्हणाले, झालं गेलं विसरा, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघत राहिले. पुस्तिकेत शुद्धिपत्राची एक चिठ्ठी घालायची ठरली. मजकूर अर्थातच साहेबांनी लिहिला.

मजकूर असा होता: ‘मयूरव हे नाव मूळ मयूख या नावाचे अक्षरजुळणीतील अक्षम्य दोषामुळे झालेले रूप आहे, असे दीर्घ संशोधनाअंती निष्पन्न झाले आहे.’ खाली सहीच्या जागी: ‘प्रस्तुत लेखक’.

दोष काकांचा, संशोधन साहेबांचं. एवढंही करून माणूस ताठ मानेने जिना उतरत होता.

चिठ्ठी हातयंत्रावरची, म्हणजे जुळवायला आली काकांकडेच. त्यांनी ती जुळवली, साहेबांना प्रूफ नेऊन दिलं, आणि ते परत आलं तसं बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. ‘दीर्घ’ची वेलांटी बरोबर होती. ‘निष्पन्न’ बरोबर होतं. ‘अक्षम्य’सुद्धा काकांनी निमूट, एक मात्रा न हलवता बसवलं होतं. बाई शेवटच्या ओळीवर आल्या.

‘प्रस्तुत लेरवक’.

बाईंनी पुन्हा वाचलं. शिशाच्या पेटीत ‘ख’चा खिळा एक असतो. ‘रव’ला दोन लागतात, एक या घरातून, दुसरा त्या घरातून. दोन खिळे चुकून हातात येत नाहीत.

त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. काका दाराशी उभे होते, हात मागे बांधून. शाळा सुटायची वेळ झाली होती, त्यांना फाटकाशी जायचं होतं.

“काका, इथे नजर गेली का?”

“गेली असेल, बाई. वय झालं.”

पस्तीस वर्षांत बाईंच्या हातून एक चूक सुटली नव्हती. त्यांनी लाल पेन उचललं. तेव्हा त्यांना खाली, समासात, साहेबांची झोकदार सही दिसली, आणि सहीच्या वर त्यांच्याच हाताने लिहिलेलं: ‘काळजीपूर्वक वाचले. पूर्णपणे बरोबर आहे.’

बाईंनी शेजारी एकच शब्द लिहिला, ‘छापा’, आणि पेनला टोपण लावलं.